सीआयमधली परफॉर्मन्स टेस्ट : लाल दिव्यावर विश्वास कसा बसवायचा?

पायवाट

नमस्कार मंडळी,

गेले चार महिने आमच्या टीममध्ये परफॉर्मन्स टेस्ट सीआयच्या पाइपलाइनमध्ये, म्हणजे कोड बदलला की आपोआप चालणाऱ्या तपासण्यांच्या साखळीत, बसवण्याचं काम माझ्याकडे आहे. युनिट टेस्ट, इंटिग्रेशन टेस्ट कधीच्याच आपोआप चालतात. परफॉर्मन्सचं मात्र असं होतं, की रिलीजच्या आठवड्यात कुणीतरी जेमीटर हे लोड टाकणारं टूल उघडून बसायचं आणि आकडे एक्सेलमध्ये उतरवायचे. काही हळू झालेलं दिसलंच, तर मागच्या दोन-तीनशे कमिटपैकी (कोडमधल्या नोंदवलेल्या बदलांपैकी) नेमक्या कुठल्यानं घात केला ते शोधत बसायचं. तोवर रिलीजची तारीख उलटून जायची.

म्हणून मी के-सिक्स या लोड टेस्टच्या टूलची स्क्रिप्ट लिहिली आणि ती प्रत्येक पुल रिक्वेस्टवर, म्हणजे बदल मुख्य कोडमध्ये मिसळायच्या (मर्जच्या) विनंतीवर, लावली. ३० व्हर्च्युअल युजर, २ मिनिटं, पी९५ (१०० पैकी ९५ रिक्वेस्ट ज्या वेळेच्या आत पूर्ण होतात ती वेळ) ३०० मिलिसेकंदांच्या आत. हा थ्रेशोल्ड (मर्यादा) मोडला की के-सिक्सचा एक्झिट कोड शून्य राहत नाही, त्यामुळे बिल्ड आपसूक लाल होतो. दोन दिवस सगळं छान चाललं. तिसऱ्या दिवशी ज्यात फक्त रीडमी ही माहितीची फाइल बदलली होती अशी एक रिक्वेस्ट लाल झाली. पुन्हा चालवली तर हिरवी. दोन आठवड्यांत सगळ्यांना सवयच लागली : परफॉर्मन्स लाल आहे ना, मग रीरन दाब. महिन्याभरानं ती पायरी 'फेल झाली तरी मर्ज होऊ द्या' अशी करण्यात आली.

त्यानंतर दहाच दिवसांनी खरा बिघाड आत गेला. ऑर्डरच्या यादीत प्रत्येक ओळीमागे डेटाबेसला एक वेगळी क्वेरी जात होती. टेस्टनं तो पकडला होता, ती लालच होती. पण तिच्याकडे बघायचं सगळ्यांनी सोडून दिलं होतं.

हे माझ्या मनाला फार लागलं. टूल चालवायचं कसं ते मला येतं. मला विचारायचंय ते असं, की लाल झालं की माणूस हातातलं काम थांबवून बघेल इतका भरवसा त्या टेस्टला कसा मिळवून द्यायचा? ज्यांनी हे निभावलंय त्यांनी सविस्तर लिहा, प्लीज.

उंबरठा

पायवाट, तुमचा अनुभव वाचून आमचे सुरुवातीचे दिवस आठवले. आधी एक प्रयोग करा, त्याशिवाय पुढचं काही बोलण्यात अर्थ नाही. मेन ब्रँचवरचा एकच कमिट घ्या आणि त्यावर तीच टेस्ट २० वेळा चालवा. कोडमध्ये काडीचाही बदल नको. मग त्या २० पी९५ आकड्यांमधला सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा बघा. आमच्याकडे हा फरक ३५ टक्के निघाला होता. याचा अर्थ, १० टक्क्यांनी हळू झालेला कोड ती टेस्ट कधीच ओळखू शकली नसती आणि थ्रेशोल्ड कुठेही ठेवला असता तरी खोट्या हाका आल्याच असत्या. वजनकाटाच पाच किलो इकडे-तिकडे हलत असेल तर त्यावर पावशेर मोजता येत नाही.

आता हा काटा का हलतो?

तुमची पाइपलाइन शेअर्ड रनरवर (अनेकांत वाटलेल्या मशीनवर) चालत असेल तर त्याच यंत्रावर शेजारी कोण काय चालवतंय यावर तुमचा काही ताबा नसतो. टेस्ट चालू असताना लिनक्सच्या टॉप कमांडमधला 'एसटी' हा आकडा बघा. तुमच्या व्हर्च्युअल मशीनच्या वाट्याचा सीपीयू वेळ हायपरव्हायझरनं (एका यंत्रावर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोग्रामनं) दुसऱ्याला किती दिला ते त्यात दिसतं. तो शून्याच्या वर रेंगाळत असेल तर त्या रनचे आकडे वापरूच नका.

क्लाउडवरची क्रेडिटवाली मशीन (निवांत असताना सीपीयू वेळेचं क्रेडिट साठवणारी) त्याहून फसवी. सकाळी क्रेडिट साठलेलं असतं, टेस्ट सुसाट पळते. दुपारपर्यंत दहा बिल्ड होतात, क्रेडिट संपतं आणि तोच कोड धापा टाकायला लागतो. ज्याची रिक्वेस्ट दुपारी आली त्याच्यावर ठपका. ही मशीन परफॉर्मन्स टेस्टला वापरू नका.

स्वतःचं वेगळं मशीन मिळालं तरी टर्बो बूस्ट बंद करा, सीपीयूचा गव्हर्नर 'परफॉर्मन्स'वर ठेवा, म्हणजे सीपीयूचा वेग मध्येच बदलणार नाही, आणि लोड टाकणारा प्रोग्राम व सर्व्हर एकाच मशीनवर ठेवू नका. के-सिक्स किंवा जेमीटरच सीपीयू खात असेल तर तुम्ही त्याचाच वेग मोजत बसता. जेमीटर असेल तर पाइपलाइनमध्ये ते कधीही खिडकी उघडून चालवू नका. खिडकी स्क्रिप्ट बनवण्यापुरती, लोड टाकताना कमांड लाइनच.

एवढं करून आमचा फरक ३५ वरून ६ टक्क्यांवर आला. त्यातलं निम्म्याहून जास्त काम नुसत्या वेगळ्या मशीननं केलं.

कोरीपाटी

मी यात नवीन आहे. पी९५ म्हणजे १०० पैकी ९५ रिक्वेस्ट त्या वेळेच्या आत पूर्ण झाल्या, एवढं कळतं. पण सरळ सरासरी का घेत नाहीत?

दवबिंदू

कोरीपाटी, १०० रिक्वेस्टपैकी ९८ जणींना ५० मिलिसेकंद लागले आणि दोघींना ५ सेकंद, तर सरासरी येते साधारण १५० मिलिसेकंद. प्रत्यक्षात १५० मिलिसेकंद कुणालाच लागलेले नसतात. बहुतेकांसाठी साइट त्याहून तिप्पट वेगवान असते आणि दोघांसाठी बंद पडल्यासारखी.

ते दोघंच आहेत म्हणून सोडून द्यावं असंही नाही. समजा, १ टक्का रिक्वेस्ट हळू आहेत. एक युजर दिवसभरात तुमच्या सर्व्हरला १०० रिक्वेस्ट पाठवतो. त्यातली एक तरी हळू निघण्याची शक्यता किती? ०.९९चा १०० वा घात एकातून वजा करा, उत्तर येतं ६३ टक्के. म्हणजे हळू रिक्वेस्ट शंभरात एक असल्या तरी त्या अनुभवणारी माणसं निम्म्याहून जास्त.

पायवाट, यातच तुमच्यासाठी एक सूचना. छोट्या टेस्टमध्ये पी९९वर मर्यादा लावू नका. २०० रिक्वेस्ट पाठवल्या तर पी९९च्या वर फक्त दोन उरतात. दोन नमुन्यांवर बिल्ड लाल करणं म्हणजे नाणं उडवण्यासारखंच. आणि पाच रनच्या पी९५ची सरासरी काढून तिला पी९५ म्हणू नका. शतमकांची (पी९५, पी९९ अशा आकड्यांची) सरासरी म्हणजे शतमक नव्हे. किती रिक्वेस्टना किती वेळ लागला याचे मूळ हिस्टोग्रॅम एकत्र करा आणि त्यावरून काढा.

तळटीप

माझं मत थोडं वेगळं आहे आणि ते ठाम आहे : प्रत्येक पुल रिक्वेस्टवर वेळ मोजूच नये. मोजायचं ते एक-दोन-तीन असं गणता येईल तेच.

तुमचा ऑर्डरच्या यादीचा बिघाड घ्या. तो पकडायला ३० युजर आणि २ मिनिटं कशाला हवी होती? त्या एका पानासाठी डेटाबेसला किती क्वेरी गेल्या एवढं मोजलं असतं तरी पुरे. २० ऑर्डर असताना ३ क्वेरी, ४० असतानाही ३. बिघाड झाल्यावर २१ आणि ४१. हा आकडा शेजारच्या व्हर्च्युअल मशीनमुळे बदलत नाही, दुपार झाली म्हणून बदलत नाही, दहा वेळा चालवला तरी तोच येतो. जँगोमध्ये यासाठी असर्शन तयार मिळतं. दुसऱ्या फ्रेमवर्कमध्ये क्वेरीच्या लॉगवर दहा ओळींचा कोड लिहिला की झालं. ती साध्या युनिट टेस्टसारखी चालते आणि लाल झाली तर कारण शंभर टक्के कोडमध्येच असतं.

असे मोजता येणारे आकडे बरेच आहेत : एका कॉलमागे किती वेळा मेमरी मागितली (अलोकेशन), रिस्पॉन्स किती बाइटचा, ब्राउझरला जाणारी जावास्क्रिप्ट किती केबी, बाहेरच्या सर्व्हिसला किती कॉल. गो भाषेत बेंचमार्क चालवताना अलोकेशनचा आकडा आयता मिळतो.

सीपीयूच्या कामासाठीही हाच मार्ग आहे. एसक्यूलाइट या डेटाबेसचे लोक छोट्या छोट्या सुधारणा मोजताना घड्याळावर अवलंबून राहत नाहीत, व्हॅलग्राइंडमधलं कॅशग्राइंड वापरतात. प्रोग्रामनं सीपीयूच्या किती इन्स्ट्रक्शन चालवल्या ते त्यात मोजलं जातं. २०१४ च्या ३.८.७ आवृत्तीपर्यंत त्यांनी अशा शेकडो बारीक सुधारणा साठवल्या. एकेक सुधारणा घड्याळाच्या गोंधळात दिसलीसुद्धा नसती. रस्टच्या कंपायलरची टीमही प्रत्येक बदलाचा परिणाम मुख्यतः इन्स्ट्रक्शनच्या संख्येवर जोखते.

इन्स्ट्रक्शन म्हणजे वेळ नव्हे, हे मान्य. कॅश मिस, लॉकसाठी थांबणं, नेटवर्क यातलं काही त्यात दिसत नाही. पण मर्ज अडवायचा अधिकार ज्या टेस्टला द्यायचा तिनं खोटं बोलता कामा नये. घड्याळ खोटं बोलतं, म्हणून त्याला तो अधिकार नको.

उंबरठा

तळटीप यांच्याशी नव्वद टक्के सहमत. मोजणीच्या टेस्ट पुल रिक्वेस्टवर, घड्याळाच्या टेस्ट रात्री. राहिलेल्या दहा टक्क्यांत मला एक अपवाद हवा : काही कोडची वेळ पुल रिक्वेस्टवरसुद्धा मोजता येते, फक्त पद्धत वेगळी लागते. कालचा साठवलेला आकडा आणि आजचा आकडा यांची तुलना करायची नाही. त्याच मशीनवर, त्याच तासाला जुना आणि नवा दोन्ही बिल्ड आलटून पालटून चालवायचे. जुना, नवा, जुना, नवा, असे दहा-दहा वेळा. मशीन मध्येच मंदावलं तर दोघांनाही सारखंच मंदावतं. मग दोन्ही गटांवर मान-व्हिटनी चाचणी (फरक खरा की योगायोगाचा ते जोखणारी) लावायची. गोमधलं बेंचस्टॅट हे टूल हीच चाचणी लावतं. जावा असेल तर जेएमएच हे बेंचमार्कचं टूल वापरा, कारण जेआयटी (चालता चालता कोड वेगवान करणारा कंपायलर) तापायच्या आधीचे आकडे कुठल्याच कामाचे नसतात.

फक्त एक धोका ध्यानात ठेवा. असे ४० बेंचमार्क लावले आणि प्रत्येकाला ५ टक्के चुकीची मुभा दिली, तर काहीही न बिघडता एखादा तरी लाल होण्याची शक्यता ८७ टक्के. म्हणून मोजकेच ठेवा.

दवबिंदू

रात्रीच्या लोड टेस्टबद्दल मला मनापासून एक गोष्ट सांगायची आहे. पायवाट यांच्या पहिल्या पोस्टमधल्या '३० व्हर्च्युअल युजर' या शब्दांपाशीच मी अडखळलो.

व्हर्च्युअल युजर रिक्वेस्ट पाठवतो, उत्तराची वाट बघतो, मग पुढची पाठवतो. सर्व्हर अडकला की तोही गप्प बसतो. म्हणजे सर्व्हरची अवस्था सर्वांत वाईट असते नेमकं तेव्हाच आपण त्याच्यावर सर्वांत कमी लोड टाकतो आणि सर्वांत कमी नोंदी घेतो. खरे युजर असं करत नाहीत. तुमचा सर्व्हर अडकलाय हे त्यांना ठाऊक नसतं, ते येतच राहतात.

आकड्यांत बघू. सेकंदाला १० रिक्वेस्ट, एक मिनिट, म्हणजे ६०० रिक्वेस्ट व्हायला हव्यात. एरवी उत्तर २० मिलिसेकंदांत येतं, पण मध्ये गार्बेज कलेक्शनमुळे (न लागणारी मेमरी साफ करण्यामुळे) सर्व्हर ६ सेकंद थिजतो. एकच व्हर्च्युअल युजर असेल तर त्या ६ सेकंदांची एकच नोंद होते. बाकीच्या ५४० नोंदी २० मिलिसेकंदांच्या. पी९५ काढा किंवा पी९९ : २० मिलिसेकंद. रिपोर्ट हिरवागार. प्रत्यक्षात त्या ६ सेकंदांत ६० जण आले असते, पहिला जवळजवळ ६ सेकंद थांबला असता, पुढचा ५.९ आणि असंच उतरत. तसं धरून पी९५ काढला तर तो ३ सेकंदांच्या आसपास येतो. २० मिलिसेकंद आणि ३ सेकंद! सर्व्हर एकच, मिनिट एकच.

परफॉर्मन्स मोजणीतले तज्ज्ञ गिल टेने यांनी याला 'कोऑर्डिनेटेड ओमिशन' असं नाव दिलं. डब्ल्यूआरके या टूलमधली ही उणीव काढून त्यांनी डब्ल्यूआरके-टू बनवलं.

के-सिक्समध्ये यावर उपाय आहे. युजरची संख्या ठरवण्याऐवजी 'कॉन्स्टंट अरायव्हल रेट' हा एक्झिक्युटर घ्या, म्हणजे सेकंदाला किती रिक्वेस्ट सुरू करायच्या ते ठरतं. सर्व्हर रखडला तरी त्या सुरू होत राहतात. जेमीटरमध्ये ५.५ पासून 'ओपन मॉडेल थ्रेड ग्रुप' आहे आणि गॅटलिंगमध्ये दोन्ही प्रकार मिळतात. के-सिक्समध्ये मात्र 'ड्रॉप्ड इटरेशन्स' या मेट्रिकवरही थ्रेशोल्ड लावा. युजरचा साठा कमी पडला तर ते ठरलेल्या रिक्वेस्ट गुपचूप गाळतं आणि तुम्ही पुन्हा त्याच खड्ड्यात.

किती युजर राखून ठेवायचे याचा अंदाज लिटलच्या नियमावरून (एका वेळी चालू रिक्वेस्ट = दर गुणिले वेळ) येतो. सेकंदाला ५० रिक्वेस्ट, प्रत्येकीला ०.२ सेकंद, तर एका वेळी सरासरी १० चालू असतील. वेळ २ सेकंदांवर गेली तर १००. या दुसऱ्या आकड्याची तयारी ठेवा, कारण टेस्ट तेवढ्यासाठीच आहे.

पायवाट

दवबिंदू, हे वाचून मी जुन्या रनचे कच्चे लॉग पुन्हा काढले. अशी एक थिजलेली जागा खरंच होती, साडेचार सेकंदांची, आणि रिपोर्टमध्ये तिचा मागमूस नव्हता. मनापासून आभार.

दोन शंका राहतात. रात्रीच्या रनची तुलना कशाशी करू? आणि टेस्टच्या डेटाबेसमध्ये ५०० ऑर्डर आहेत, ते पुरे का?

तळटीप

५०० अजिबात पुरे नाहीत. पोस्टग्रेस डेटाबेसचा प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) छोट्या टेबलावर इंडेक्स (शोधायची सूची) असूनही पूर्ण टेबल वाचणं पसंत करतो, कारण तिथे तेच स्वस्त पडतं. म्हणजे कुणी इंडेक्स उडवला तरी तुमच्या टेस्टला पत्ता लागणार नाही. प्रॉडक्शनच्या मापाचा डेटा बनवा, पण खरा डेटा उचलून आणू नका, तयार करा. आणि तो विषम असू द्या : काही ग्राहकांच्या ५ ऑर्डर, एखाद्याच्या ५०,०००. बहुतेक बिघाड त्या एखाद्यापाशीच होतात. डेटा भरल्यावर ॲनलाइझ (डेटाची आकडेवारी ताजी करणारी कमांड) चालवायला विसरू नका, नाहीतर प्लॅनर जुन्याच अंदाजावर चालेल. रोज रात्री नव्यानं भरण्यापेक्षा स्नॅपशॉट ठेवा आणि तो परत लावा, म्हणजे प्रत्येक रन एकाच अवस्थेतून सुरू होईल.

उंबरठा

तुलनेबद्दल सांगतो. कालच्या रनशी तुलना केली आणि ५ टक्क्यांची मर्यादा ठेवली, तर रोज २ टक्के हळू होणारा कोड कधीच सापडत नाही. असे १२ मर्ज झाले की २७ टक्के गेलेले असतात आणि बारापैकी एकही दिवस लाल नसतो.

ठरीव थ्रेशोल्डऐवजी सगळी मालिका बघा आणि ती कुठे पायरी चढली ते शोधा. याला चेंज पॉइंट डिटेक्शन म्हणतात. मोंगोडीबी या डेटाबेसची टीम आधी थ्रेशोल्डच वापरत होती. खोट्या हाकांनी त्रासून ते ई-डिव्हिसिव्ह या अल्गोरिदमवर गेले आणि २०२० मध्ये त्यांनी तो अनुभव निबंधात मांडला. डेटास्टॅक्स कंपनीनं त्याच पायावर हंटर नावाचं टूल बनवलं. ते पुढे अपाचेच्या इनक्युबेटरमध्ये ओटावा (Otava) या नावानं गेलं.

याची किंमत अशी, की पायरी चढल्यावर तिची खात्री व्हायला पुढचे काही रन जावे लागतात. म्हणून ही पद्धत मर्ज अडवू शकत नाही. ती दोन-चार दिवसांनी सांगते, की मंगळवारच्या या ११ कमिटमध्ये काहीतरी झालंय. मग बायसेक्ट करा, म्हणजे अर्धे-अर्धे करत दोषी कमिट शोधा. दोन-तीनशे कमिटच्या ढिगाऱ्यापुढे ११ म्हणजे दुपारभराचं काम.

आणि त्या सूचनेला मालक ठेवा. ती चॅनेलवर सगळ्यांना गेली तर कुणालाच जात नाही. आमच्याकडे आठवड्याला एक जण असतो. तो प्रत्येक सूचनेवर 'खरी', 'खोटी' किंवा 'मुद्दाम केलेली' यातलं एक लिहितो. खोट्यांचं प्रमाण वाढलं की नवी टेस्ट घालणं थांबवून आधी तेच दुरुस्त करायचं, असा नियम आहे.

पायवाट

तीन आठवड्यांनी परत लिहितेय.

पुल रिक्वेस्टवर आता फक्त मोजणी आहे : १४ पानांच्या क्वेरी, ६ एंडपॉइंटचे रिस्पॉन्स बाइट आणि जावास्क्रिप्टचा आकार. एकूण ४० सेकंद लागतात. ही पायरी पुन्हा मर्ज अडवते. तीन आठवड्यांत ती चार वेळा लाल झाली आणि चारही वेळा दोष कोडमध्येच होता. चौथ्या वेळी रिक्वेस्ट पाठवणाऱ्यानं रीरन न दाबता मला निरोप पाठवला, की कुठली क्वेरी वाढली ते सापडलं, दुरुस्त करतोय. तो निरोप मी दोनदा वाचला.

रात्रीची लोड टेस्ट वेगळ्या मशीनवर, ठरलेल्या दरानं, २० लाख ऑर्डरच्या स्नॅपशॉटवर चालते. वीस वेळांचा प्रयोग केला, फरक ८ टक्के आहे. अजून खाली आणायचाय.

एकाच ठिकाणी अडलेय. मुद्दाम हळू केलेल्या गोष्टींचं काय करायचं? आम्ही पासवर्ड हॅशिंगसाठी बीक्रिप्ट या अल्गोरिदमचा 'खर्च' हा आकडा १० वरून १२ केला. एक अंक वाढला की काम दुप्पट होतं, म्हणजे इथे चौपट. लॉगिन हळू झालं आणि ते व्हायलाच हवं होतं. पण मी मर्यादा गुपचूप वाढवली, तर उद्या कुणीही वाढवेल.

उंबरठा

मर्यादा पाइपलाइनच्या सेटिंगमध्ये नको, रिपॉझिटरीत, म्हणजे कोडबरोबरच, एका फाइलमध्ये ठेवा. ज्या रिक्वेस्टमुळे मर्यादा मोडते तिनंच ती फाइल बदलायची, शेजारी कारणाची एक ओळ लिहायची आणि रिव्ह्यू करणाऱ्यानं कोडबरोबर तीही वाचायची. वर्षभरानं कुणी विचारलं की लॉगिन एवढं हळू का, तर उत्तर फाइलच्या इतिहासातच सापडतं.

कोरीपाटी

हा धागा वाचून मी आमच्या मुख्य पानाच्या क्वेरी मोजल्या. ११२ आहेत. उद्यापासून ११३वी येऊ देणार नाही आणि मग एकेक कमी करेन.

पायवाट

कोरीपाटी, पुढच्या महिन्यात आकडा इथे नक्की लिहा.

उंबरठा, फाइल आजच टाकली. तिच्यातली पहिली ओळ : 'लॉगिन पी९५, मर्यादा १५० वरून ३५० मिलिसेकंद. बीक्रिप्टचा खर्च १२, सुरक्षेसाठी मुद्दाम.'